उपाशी पोराचा फोटो कोणासाठी?

(कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या पाड्यांतून कोणी येऊ शकलं नाही, त्यांनी आपल्या बैठकीत कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्यावा.)



काल रात्री दंडाच्या पावत्यांचं आणि प्लॉटच्या यादीचं काम उरकलं. आज आम्हाला वेगळा विषय दिलाय, फोटोंचा. परदेशातले लोक गरीब मुलखांत जातात, उपाशी पोरांचे फोटो काढतात, आपल्या देशात नेऊन छापतात. ते बघून लोक पैसे देतात आणि पैसे पोरांना मदत करणाऱ्या संस्थांकडे जातात. कोणी म्हणेल, याचा जंगल-जमिनीशी काय संबंध? संबंध असा, की १९९२ साली वावर-वांगणीत पोरं दगावली, तेव्हापासून जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यानं गाड्या यायला लागल्या आणि गाडीतून कॅमेरे उतरायला लागले. दोन पाड्यांवरून आम्हाला निरोप आलाय, की आता कोणी आला तर फोटो काढू द्यायचा का नाय ते संघटनेनं सांगावं. म्हणून आम्ही चौघं बसलो. शहरातल्या एका साथीनं कात्रणं आणि जुनी मासिकं आणून दिली, इंग्रजीतलं त्यानं वाचून सांगितलं, मराठीतलं आम्ही वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते मांडतो.

पहिली गोष्ट इथिओपियाची. हा देश आफ्रिकेत आहे, समुद्र ओलांडून पश्चिमेला. डोंगराळ मुलूख. बैलानं नांगरणारे शेतकरी. तेफ नावाचं धान्य पिकवतात, ते आपल्या वरईहून बारीक. उत्तरेकडच्या वोलो आणि तिग्रे प्रांतांत पाऊस हुकला आणि १९८४ साली मोठा दुष्काळ पडला. २३ ऑक्टोबर १९८४ ला इंग्लंडच्या बीबीसी टीव्हीवर कोरेम इथल्या छावणीची चित्रं दाखवली. बोलणारा मायकेल बर्क. कॅमेरा धरणारा मोहम्मद अमीन, तो नैरोबीत जन्मलेला, घराणं मूळचं पंजाबकडचं. पहाटेची थंडी, धूर आणि धुकं, फडक्यात गुंडाळून जमिनीवर पडलेली हजारो माणसं, आणि पोरं. ती चित्रं पुढे जगभरच्या चारशेवर टीव्ही केंद्रांनी दाखवली.

बॉब गेल्डॉफ नावाच्या गायकानं ती बघितली. त्यानं नावाजलेल्या गायकांना जमवून एक गाणं केलं, ते लाखांनी खपलं. मग १३ जुलै १९८५ ला लंडनमध्ये आणि अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एकाच दिवशी प्रचंड जलसे झाले आणि कोट्यवधी रुपये उभे राहिले. त्या गाण्याच्या नावातच विचारलं होतं, की तिकडच्या लोकांना नाताळ आला हे ठाऊक तरी आहे का. आता बघा, इथिओपियात ख्रिस्ती धर्म सोळाशे वर्षांपासून आहे आणि त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो. ज्यांच्यासाठी रडले त्यांना एवढंही विचारलं नाय. हसू नका, आपल्याकडे येणारे पण विचारतात, तुम्ही लोक सण करता का म्हणून. वाघबारशीचं नाव त्यांनी ऐकलेलं नसतं.

पैसे आले, हे खोटं नाय. त्यातून धान्य गेलं, औषधं गेली, माणसं वाचली. ज्या बाईचं पोर त्या धान्यावर वाचलं, तिला आपण कोण सांगणार की तो फोटो वाईट होता म्हणून? ही बाजू विसरून कोणी बोलत असेल तर त्याला आमची साथ नाही.

पण त्या फोटोत काय नव्हतं ते बघा. फोटो बघणाऱ्याला वाटलं, पाऊस पडला नाय म्हणून माणसं मेली. पाऊस तर आपल्याकडेही हुकतो. तिथं मेंगिस्तू नावाच्या लष्करी पुढाऱ्याचं राज्य होतं आणि तिग्रे, एरिट्रियातल्या बंडखोरांशी त्याचं युद्ध चालू होतं. सरकारी विमानं बाजाराच्या गावांवर बॉम्ब टाकायची, म्हणून तिग्रेत लोक रात्रीचा बाजार भरवायला लागले. शेतकऱ्यांकडून ठरलेला कोटा बाजारापेक्षा कमी भावानं सरकारी महामंडळ उचलून न्यायचं. आणि सप्टेंबर १९८४ मध्ये, म्हणजे ती चित्रं दाखवायच्या महिनाभर आधी, राजधानी अदिस अबाबात क्रांतीला दहा वर्षं झाली म्हणून मोठा खर्चिक सोहळा झाला. पोराच्या फासळ्या दिसल्या. कोट्याचं धान्य भरलेलं गोदाम दिसलं नाय.

पुढची गोष्ट तर आपल्यासाठीच आहे. सरकारनं ठरवलं, उत्तरेत दुष्काळ आहे तर माणसं उचलून दक्षिण-पश्चिमेला नेऊन बसवायची. सुमारे सहा लाख माणसं नेली. कित्येकांना जबरदस्तीनं. घरची माणसं एकमेकांपासून तुटली आणि वाटेत, तिथं पोचल्यावर हजारोंनी मेली. त्यांना कुठं बसवलं? काहींना गांबेला नावाच्या भागात. तिथं नदीकाठानं, जंगलात अनुआक नावाचे आदिवासी राहतात, त्यांच्या जमिनीवर. कागदावर ती जमीन मोकळी. तळोद्याच्या जंगलात धरणग्रस्तांना जमीन दिली, तेव्हा तिथं आधीपासून कसणाऱ्या आपल्याच लोकांचं काय झालं, ते धुळ्याच्या साथींनी आपल्याला सांगितलेलं आहे. भुकेल्याला उठवून दुसऱ्या भुकेल्याच्या जमिनीवर बसवायचं, ही रीत सगळीकडे एकच. फ्रान्सच्या डॉक्टरांची एक संस्था तिथं काम करत होती. तिनं उघड सांगितलं, की मदतीसाठी आलेल्या साधनांचा वापर माणसं उचलायला होतोय. डिसेंबर १९८५ मध्ये तिला देशाबाहेर घालवलं. बाकीच्या बहुतेक संस्था गप्प बसल्या. बोललो तर आपल्यालाही काढतील, मग पोरांना कोण खायला घालणार, असं त्यांचं म्हणणं. अशी अडचण असते हे आम्हाला कळतं. पण ज्यांनी लंडनात पैसे दिले त्यांना हे कोणी सांगितलं नाय, कारण त्यांच्यापुढं फक्त फोटो होता.

त्याच देशात त्याआधी दहा वर्षं काय झालं होतं ते ऐका, म्हणजे आम्ही काय म्हणतोय ते कळेल. १९७३ साली वोलोतच दुष्काळ पडला. तेव्हा तिथं सम्राट हैले सेलासी. जमीनदार आणि चर्च यांच्या हातात भरपूर जमीन, कुळाच्या पिकातला मोठा वाटा मालकाचा. त्यांच्या कॉलेजातली पोरं १९६५ पासून रस्त्यावर येऊन एकच घोषणा देत होती, आणि ती आपल्याला भाषांतर करून सांगायला नको: कसेल त्याची जमीन. दुष्काळाची खबर सरकारनं दाबून ठेवली. मग जोनाथन डिम्बल्बी नावाच्या इंग्रज बातमीदारानं तिथल्या उपाशी लोकांची फिल्म केली, ती ऑक्टोबर १९७३ मध्ये इंग्लंडात दाखवली, तिथंही पैसे गोळा झाले. इथवर नेहमीसारखं. पण सप्टेंबर १९७४ मध्ये तीच चित्रं इथिओपियाच्या टीव्हीवर दाखवली, आणि त्यांच्या मधेमधे दुसरी चित्रं जोडली. राजवाड्यातल्या मेजवान्यांची. सम्राट आपल्या कुत्र्यांना मांस खाऊ घालतोय त्याची. दुसऱ्या दिवशी सम्राटाला गादीवरून खाली उतरवलं. पुढल्या वर्षी, १९७५ ला, जमीनदारी मोडली.

फिल्म तीच, पोरं तीच. इंग्लंडात बघणाऱ्यानं खिशात हात घातला. घरच्या लोकांनी शेजारी दुसरा फोटो बघितला आणि विचारलं, आमचं धान्य कुठं गेलं?

ही गोष्ट इतकी सरळ नाय, हेही सांगायला हवं. ज्या लष्करानं ती फिल्म दाखवली तेच पुढं मेंगिस्तूचं राज्य झालं. जमीनदाराची जमीन सरकारच्या नावावर गेली, आणि दहा वर्षांनी त्याच वोलोत माणसं परत उपाशी मेली. सगळी जमीन सरकारची झाली म्हणजे काय होतं, हे आपल्याला फॉरेस्टवाल्यांनी शिकवलेलंच आहे.

दुसरा फोटो घ्यायचा तर काय काय होतं, याचं याहून जुनं उदाहरण काँगोचं आहे. काँगो पण आफ्रिकेत, मोठी नदी, दाट जंगल. १८८५ साली बेल्जियमच्या लिओपोल्ड राजानं तो सगळा मुलूख स्वतःच्या खासगी मालकीचा केला आणि फर्मान काढलं, की रिकामी जमीन सरकारची. रिकामी म्हणजे ज्यावर घर नाय, शेत नाय अशी. मग जंगल रिकामं ठरलं. ज्या जंगलात लोक शिकार करायचे, कंद काढायचे, शेत फिरवायचे, ते रिकामं! इंग्रजांनी १८७८ च्या जंगल कायद्यानं आपल्याकडे काय केलं ते आठवा. त्या जंगलात रबराच्या वेली होत्या. कंपन्यांनी गावागावाला रबराचा कोटा लावला. कोटा भरला नाय तर बंदूकवाले शिपाई यायचे, बाया ओलीस ठेवायचे, गाव जाळायचे, माणसं मारायचे, हात तोडायचे.

मे १९०४ मध्ये बारिंगा या ठिकाणी अ‍ॅलिस सीली हॅरिस नावाच्या मिशनरी बाईकडे नसाला नावाचा माणूस आला. हातात पानांची पुडी. तिच्यात त्याच्या पाच वर्षांच्या पोरीचा, बोआलीचा, तोडलेला हात आणि पाय. अबिर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गावावर हल्ला केला होता. हॅरिसबाईनं त्याला ओट्यावर बसवून फोटो काढला. बाप बसलाय आणि समोर ठेवलेल्या त्या हाता-पायाकडे बघतोय. तो फोटो आम्ही बघितलाय. इथं शिबिरात दाखवायचा की नाय यावर आमच्यात वाद झाला, शेवटी नाय दाखवायचा ठरलं.

पण त्या फोटोसोबत काय गेलं ते महत्त्वाचं. बापाचं नाव गेलं, पोरीचं नाव गेलं, गावाचं, कंपनीचं नाव गेलं, रबराच्या कोट्याची हकीकत गेली. हॅरिस नवरा-बायकोनं इंग्लंड-अमेरिकेत गावोगाव कंदिलाच्या उजेडात पडद्यावर असे फोटो दाखवून सभा घेतल्या. या लोकांना दान द्या, एवढंच सांगून ते थांबले नाहीत. या राजाचं राज्य काढून घ्या, असं सांगितलं. राजानं आपलीच एक चौकशी समिती नेमली, त्याला वाटलं होतं ती पांघरूण घालेल. तिच्यापुढं काँगोचे लोक स्वतः आले. लोंतुलू नावाचा एक मुखिया आला, त्यानं टेबलावर ११० काड्या मांडल्या. रबरापायी मेलेल्या त्याच्या एकेका माणसामागं एक काडी, मुख्य माणसांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या, बायांच्या, पोरांच्या वेगळ्या. आमच्या मते त्या काड्या पण फोटोच. १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो सोडावा लागला. जमीन मात्र लोकांकडे आली नाय, ती राजाकडून बेल्जियमच्या सरकारकडे गेली. तिथून सुटायला १९६० उजाडलं.

आता पोरांसाठी पैसे गोळा करणाऱ्या संस्थांकडे येऊ. यातली सगळ्यात नावाजलेली 'सेव्ह द चिल्ड्रन', ती १९१९ साली इंग्लंडात एग्लंटाइन जेब या बाईनं सुरू केली. तिची सुरुवात आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. पहिलं महायुद्ध संपलं होतं, तरी इंग्लंडनं जर्मनी-ऑस्ट्रियाची नाकेबंदी उठवली नव्हती, धान्य जाऊ देत नव्हते. तिथली पोरं वाळत चालली होती. जेबबाईनं ऑस्ट्रियाच्या एका उपाशी पोरीचा फोटो पत्रकावर छापला आणि खाली सरळ लिहिलं, की हे आपल्याच नाकेबंदीनं झालंय. लंडनच्या चौकात ती पत्रकं वाटली म्हणून तिला पकडलं, पाच पौंड दंड झाला. सरकारी वकिलानंच नंतर तेवढे पैसे तिच्या हातावर ठेवले.

म्हणजे पोराच्या फोटोची ही रीत सुरू झाली तेव्हा फोटोखाली गुन्हेगाराचं नाव होतं, आणि गुन्हेगार म्हणजे स्वतःचंच सरकार. पुढं संस्था वाढल्या, सरकारांचीही मदत घ्यायला लागल्या, फोटो राहिला आणि खालची ओळ गळाली.

मग आली एक पोर, एक दाता ही योजना. स्पेनच्या युद्धात १९३७ ला, कोरियाच्या युद्धात १९५० ला अशा संस्था निघाल्या. काम कसं चालतं ते सांगतो. पोराचा फोटो आणि दोन ओळी माहिती परदेशी पाठवायची. तिकडचा माणूस फोटो बघून पोर निवडतो. दर महिन्याला पैसे भरतो. वर्षाला नवा फोटो जातो, पोराच्या नावानं पत्र जातं, पुष्कळदा संस्थेचा माणूसच सांगतो काय लिहायचं ते. एका पाड्यातल्या चार पोरांना दप्तर, बाकीची बघत बसतात. ज्या पोराचा चेहरा फोटोत बरा येत नाय त्याचं नशीब खोटं. काही संस्थांना हे कळलं, त्यांनी एका पोराचा पैसा विहिरीला, शाळेला, सगळ्या गावाला द्यायची रीत घातली. ते चांगलं केलं. तरी परदेशातल्या त्या माणसाच्या घरी भिंतीवर फोटो एकाच पोराचा लागतो, आणि त्या पोराच्या बापाची जमीन कोणी नेली हे त्या भिंतीला कधी कळत नाय.

नावाची गोष्ट निघाली म्हणून सुदानचा तो गिधाडाचा फोटो. मार्च १९९३ मध्ये दक्षिण सुदानच्या अयोड गावाजवळ केव्हिन कार्टरनं काढला. वाकून पडलेलं पोर, मागं बसलेलं गिधाड. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापला, १९९४ ला त्याला अमेरिकेतलं मोठं बक्षीस मिळालं, आणि त्याच वर्षी त्यानं जीव दिला. पोराला उचललं का नाय म्हणून लोकांनी त्याला फार बोल लावले. सगळं त्या एकट्याच्या डोक्यावर फोडायचं हे आम्हाला पटत नाय. तिथं वर्षानुवर्षं युद्ध चालू होतं, त्यात कोणाचे हात होते हे विचारणारी पत्रं त्या मानानं थोडी. आमचं म्हणणं एवढंच, की फोटोवाल्याचं नाव जगाला पाठ आहे, आणि त्याच्यासोबत पोराचं नाव, त्याच्या आईचं नाव गेलं नाय.

आपलेही फोटो असे गेलेले आहेत, आजचे नाय. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या पत्रानं हिंदुस्थानातल्या उपाशी पोरांचे फोटो छापून मदत गोळा केली. १९०० साली क्विटो नावाचं जहाज मका भरून मुंबई बंदराला लागलं. त्या मक्यानं कित्येक जगले असतील. आणि त्याच वेळी मुंबई इलाख्यात इंग्रज सरकार सारा वसूल करत होतं. मका येत होता एका दारानं, सारा जात होता दुसऱ्या दारानं.

आता आपल्या पाड्यांचं. एका पाड्यावर एक संस्था आली. नाव घेत नाय, नावानं काम भागत नाय. पोरगा अंगात नवा शर्ट घालून उभा, बापानं भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून येताना आणलेला. फोटोवाला म्हणाला, शर्ट काढ. आईनं विचारलं, का? तर म्हणे, पोट दिसलं पाहिजे. शर्ट काढला. पुढल्या वर्षी त्या पोराचा फोटो कॅलेंडरवर आला आणि खाली लिहिलं होतं, अनाथ. आई-बाप दोघं जिवंत. बाप आजही त्याच भट्टीवर जातो, कारण त्याच्या प्लॉटवर फॉरेस्टनं चर खणले आहेत. त्या दिवशी फोटोवाला ज्या बांधावर उभा होता, तो चर तिथून वीस पावलांवर. कॅमेरा वळवला असता तर आला असता.

मग काय करायचं? कॅमेरा बंद, असं आम्ही म्हणत नाय. वावर-वांगणीचं वर्तमानपत्रांत आलं नसतं तर डॉक्टर आणि साहेब त्या वाटेनं कधी चढले असते? पण येणाऱ्यानं आधी पाड्याच्या बैठकीत बसावं. कोणासाठी काढतोय, कुठं छापणार, खाली काय लिहिणार, हे सांगावं. आई-बापानं हो म्हटल्याशिवाय पोराचा फोटो नाय, आणि पोराच्या अंगावर जे आहे ते तसंच राहील. छापलेली एक प्रत पाड्यावर आली पाहिजे. कोणी तोऱ्यात बोलला, तर त्याला सांगा, की १९८९ मध्ये युरोपातल्या संस्थांनी आपल्यासाठीच नियम करून ठेवलेत: लोकांना लाचार दाखवू नये, गरिबीची कारणं सांगावीत, त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून यावं. हे त्यांचेच शब्द आहेत, आपण फक्त आठवण करून देतोय.

आणि पोराचा फोटो काढायचाच असेल, तर दुसराही काढावा लागेल. नागलीच्या उभ्या पिकात खणलेला चर. भाद्रपदात महिनाभर कुलूप असलेलं रेशन दुकान. आजोबाच्या नावची दंडाची पावती. दिवाळीनंतर बंद पडलेली घरं आणि भट्टीवरची झोपडी. दोन्ही एका पानावर छापणार असाल तर या, चहा पिऊ, आम्हीच वाट दाखवतो.

आम्ही चौघांनी एक कागद तयार केलाय, फोटोवाल्याला विचारायच्या प्रश्नांचा. सायक्लोस्टाइल करून पत्रकासोबत देतोय. ज्यांना वाचता येत नाय त्यांनी आश्रमशाळेतल्या पोरांकडून वाचून घ्या. त्यात काय वाढवायचं, काय काढायचं, ते प्रत्येक पाड्यानं ठरवून पुढल्या बैठकीला यावं. येताना दंडाच्या पावत्याही आणा, कालच्या यादीत अजून अकरा घरांच्या आलेल्या नाहीत.

जोहार.